बाबांच्या कार्डावरचा कैलास

बाबा गेल्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा कोणी आवाज चढवला तो एका कार्डावरून. तोपर्यंत सगळे हळू बोलत होते. माणूस गेलेल्या घरात लोक हळू बोलतात आणि चहा मात्र मोठ्याने ढवळतात.

मामा प्रेसमधून कार्डांचा गठ्ठा घेऊन आला होता. बाबांच्या जलदान विधीची, म्हणजे माणूस गेल्यावर आमच्याकडे जो विधी करतात त्याची कार्डं. पुढच्या रविवारी कार्यक्रम होता आणि मामा मोटारसायकलवरून कनेरगाव नाक्याच्या बाजूची सगळी गावं करणार होता. त्याने दोरी सोडली, वरचं कार्ड आईच्या हातात दिलं आणि पाणी प्यायला आत गेला. आईने चष्मा लावला. वाचलं. मग कार्ड उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलट केलं.

"हे कोणाचं कार्ड आलं?" तिने विचारलं.

"कोणाचं म्हणजे? भाऊजींचं," मामा आतून म्हणाला.

"न्हाई. हे त्यांचं न्हाई."

मी तिच्या हातातून घेतलं. नाव बाबांचं, फोटो बाबांचा, वर 'नमो बुद्धाय' बरोबर, खाली आमची सगळ्यांची नावं बरोबर. फक्त बाबांच्या नावाआधी 'कै.' होतं. एकदा नव्हे, जिथे जिथे बाबांचं नाव होतं तिथे तिथे. मी स्वतः प्रेसमध्ये बसून तो मजकूर पडद्यावर तपासला होता आणि सगळीकडे 'कालकथित' आहे ना हे बोट ठेवून पाहिलं होतं.

ज्यांना यात रागवण्यासारखं काय आहे ते कळत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा जे जे मागे ठेवलं त्यात ईश्वर होता, आत्मा होता, कैलास होता, वैकुंठ होता, स्वर्गही होता. तेव्हापासून आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. कैलासवासी लिहीत नाहीत, कारण तिथे राहायला कोणी गेलेलं नसतं. बाबा या बाबतीत फारच कडक होते. आजी गेली तेव्हा कोणीतरी हौसेने चौकात फलक लावला आणि त्यावर 'कै.' रंगवून आणलं. बाबांनी सुतकी चेहऱ्याच्या सगळ्या मंडळींसमोर तो फलक उतरवायला लावला. "आपल्याला कैलासात जिवंतपणी कोणी बोलावलं न्हाई," ते म्हणाले. "मेल्यावर न बोलावता काहून जायचं?"

आणि आता त्यांनाच पाठवलं होतं. ते उतरवायला आता ते नव्हते.

"एक शब्द हाय," मामा म्हणाला. "लोकं कार्डावर काय बघतेत? वार बघतेत, टाइम बघतेत, जेवणाचं बघतेत. मी निघू का? ऊन होऊन राहिलं."

"एकबी कार्ड जाणार न्हाई," आई म्हणाली. हा तो चढलेला आवाज. "ज्या माणसानं जन्मभर हा शब्द लिहू दिला न्हाई, त्याच्या नावावर तोच लिहून गावोगाव वाटायचा? रविवारी कोणी न्हाई आलं तरी चालंल."

मामा बसला. मी गठ्ठा पुन्हा बांधला आणि प्रेसकडे निघाले. मला अजून रडू आलं नव्हतं. रागाला मात्र त्या दिवशी जागा पुरेना.

प्रेसमालकांबद्दल सांगायचं तर ते आमच्या गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. हे मी म्हणत नाही, त्यांच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. खुर्चीमागे शाल-श्रीफळ घेतानाचे फोटो ओळीने टांगलेले आहेत आणि मधोमध 'समाजभूषण' असं एक प्रमाणपत्र आहे. ते त्यांच्याच प्रेसमध्ये छापलेलं आहे, कडेची वेलबुट्टी मी ओळखते. आमच्या शेजारच्या लग्नाच्या पत्रिकेवर तीच होती.

मी कार्ड पुढे ठेवलं. त्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं.

"चांगलं आलंय की. फोटो तर एकदम जिवंत."

"'कालकथित' होतं. 'कै.' झालंय."

"अच्छा, ते." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. कार्यक्रमाची वेळ चुकली असती तर त्यांनी मनाला लावून घेतलं असतं. "ताई, कै. म्हणा का तुमचं ते म्हणा, माणूस तर गेलाच ना. भावना महत्त्वाची."

"भावना तुमची छापली गेली. आमची राहिली."

"असं नका बोलू. मी काय भेदभाव करणारा माणूस हाय का? इथं सगळ्यांचे कार्डं होतेत. मला सगळे सारखे. तुमचे वडील माझ्या वडलासारखे. तुमी म्हणाल तर पांढरी चिकटपट्टी लावून देतो, वरून पेनानं लिहा. पोरीला सांगतो, बसून लावंल."

गेलेल्या माणसाच्या नावावर चिकटपट्टी! मला सगळ्यांना सारखं मानणाऱ्या माणसांची भीती वाटते ती यामुळे. त्यांच्याकडे सगळ्यांसाठी एकच शब्द असतो, आणि तो नेमका त्यांच्या घरचा असतो. दुसऱ्याने आपला शब्द मागितला की भेदभाव सुरू झाला तो त्याच्याकडून.

"पट्टी नको. हे झालं कसं ते बघायचंय," मी म्हणाले.

"तुमीच फोन करून बदल सांगितला होता ना?" ते म्हणाले. "बदल सांगितला की बदल होतो."

बदल मी सांगितला होता, हे खरं. कार्यक्रम आधी घरी ठरला होता, मग विहारात ठरला. तेवढा 'राहत्या घरी' काढून 'बुद्ध विहार' करा असं मी फोनवर म्हणाले होते. घर बदललं म्हणून बाप बदला असं म्हटलं नव्हतं.

टाइप करणारी बाई शेजारच्या टेबलावर होती. तिशीची असेल, आणि मालकासमोर जेवढं बोलावं लागतं तेवढंच बोलणारी. ती म्हणाली, "मॅडम, मी 'कै.' टाकलंच न्हाई. आईची शपथ. इकडं या, दाखवते."

तिने दाखवलं ते असं. या प्रेसमध्ये मजकूर आधी एका साध्या संपादकात टाइप करतात, म्हणजे लिहिण्या-खोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये, आणि तिथून तो सजावटीला जातो. बाबांचं कार्ड तयार झालं त्याच दुपारी दुसऱ्या एका कुटुंबाचं तेरवीचं कार्ड आलं. त्यांना आमच्या कार्डाची मांडणी आवडली. तिने आमच्या मजकुराची नक्कल केली आणि त्यात 'शोधा आणि बदला' ही चौकट उघडून 'कालकथित'च्या जागी 'कै.' केलं. त्यांच्या घरात तोच शब्द चालतो, त्यांचं कार्ड बरोबर झालं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मग माझा फोन आला. तिने बाबांचं कार्ड समोर घेतलं आणि तीच चौकट उघडली, 'राहत्या घरी' लिहायला.

"आता बघा," ती म्हणाली. तेरवीच्या कार्डात तिने तोच बदल पुन्हा टाकला, मग बाबांचं कार्ड समोर आणून चौकट उघडली.

चौकट रिकामी नव्हती. वरच्या खान्यात 'कालकथित' आधीच बसलेलं होतं, खालच्यात 'कै.', आणि 'सगळीकडे बदला' हे बटण निळं होऊन वाट पाहत होतं. नुसतं एन्टर दाबलं की झालं. दिवसभर चौकटी उघडून एन्टर मारणाऱ्या हाताने तो मारला. काही घडलेलं दिसलं नाही म्हणून तिने पुन्हा चौकट उघडली, 'राहत्या घरी' लिहिलं, 'बुद्ध विहार' केलं आणि छपाईला दिलं.

तेरवीच्या कार्डात वापरलेला शब्द बाबांच्या कार्डात आला होता, कारण त्या संपादकाला दोन वेगळी कार्डं आहेत हे ठाऊकच नव्हतं. चौकटीत आजवर काय काय लिहिलं गेलं, याची त्याच्याकडे सगळ्या कागदांसाठी मिळून एकच आठवण होती. जो शेवटचा बोलला त्याचं पुढच्याच्या तोंडात.

"हे असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"होतं ना. एकदा लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाचं गाव साखरा होतं, ते वसमत झालं. तिथल्या तिथं सापडलं म्हणून बरं. न्हाई तर वरात कुठं गेली असती."

"मग सांगितलं नाही कोणाला?"

तिने मालकाकडे पाहिलं. मालकांनी फोटोंकडे पाहिलं.

"ही सिस्टीम तज्ज्ञानं बसवून दिलेली हाय," ते म्हणाले. "उद्घाटनाला मोठमोठे लोकं आले होते. फीत कापली."

मी म्हटलं, तज्ज्ञाला फोन लावा. त्यांनी लावला आणि स्पीकरवर ठेवला. तज्ज्ञ दुसऱ्या जिल्ह्यात बसतात. जगात कोणालाही फुकट घेता येतो असा एक खुला प्रोग्रॅम घेऊन, त्यावर आपलं नाव आणि उगवत्या सूर्याचं चित्र लावून त्यांनी तो इथे बसवला होता. मी काय घडलं ते सांगितलं.

"मॅडम, ती अडचण नाही," तज्ज्ञ म्हणाले. "ती सुविधा आहे. स्मार्ट स्मरण. वापरकर्त्याला पुन्हा पुन्हा टाइप करावं लागू नये म्हणून."

"एका माणसाच्या कार्डातलं दुसऱ्याच्या कार्डात जाऊ नये, अशी सुविधा आहे का?"

"आपण या क्षेत्रातल्या नाही, म्हणून आपल्याला—"

"मी याच क्षेत्रातली आहे."

"तरी पण," तज्ज्ञ म्हणाले.

मी हिंगोलीत राहून पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम करते. आमच्या गल्लीत याला 'पोरगी घरीच असते' असं म्हणतात. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. पण या 'तरी पण'नंतर मी त्या बाईला म्हणाले, "ताई, तुमची खुर्ची द्या जरा."

"त्याला हात लावू नका, बंद पडंल," मालक म्हणाले.

"बंद पडला तर निदान चुकीचं छापणार तरी नाही."

खुल्या प्रोग्रॅमची एक गोष्ट चांगली असते. त्याच्या आत काय आहे ते वाचता येतं, उद्घाटनाला कोणीही आलेलं असो. आत मला हवी ती जागा सापडली. चौकटीत लिहिलेलं सगळं एकाच पेटीत टाकलं जात होतं आणि चौकट उघडली की त्या पेटीतलं सगळ्यात वरचं काढून दिलं जात होतं. ते कोणत्या कागदासाठी लिहिलं होतं, याची नोंदच कुठे नव्हती. ज्याने लिहिलं त्याला तो प्रश्न पडला नसावा. बहुधा त्याच्याकडे एका वेळी एकच कागद असायचा. किंवा त्याच्या सगळ्या कागदांत एकाच प्रकारची माणसं असायची.

पेटी एक नको, प्रत्येक कागदाची वेगळी हवी. एवढंच काम. मी प्रत्येक कागदाच्या नावाने एक पेटी केली. चौकट उघडली की आधी 'समोर कोणता कागद आहे' हे विचारायचं आणि त्याच्याच पेटीत पाहायचं. नवा कागद असेल तर पेटी रिकामी, चौकट रिकामी. मी ताईंना म्हटलं, करून बघा. त्यांनी दोन नवे कागद उघडले, एकात काहीतरी बदललं, दुसऱ्यात चौकट उघडली.

"मॅडम, परत आलं."

पडद्यावर पुन्हा तेच. पहिल्याचा शब्द दुसऱ्याच्या चौकटीत. मागे मालक चहा पीत होते. त्यांच्या चहा पिण्यात समाधान ऐकू येत होतं.

"बघा," ते म्हणाले. "तज्ज्ञ उगाच म्हणत न्हाई कोणी कोणाला."

कारण समजलं तेव्हा मला स्वतःचा राग आला, पण तो मालकांवरच्या रागापेक्षा बराच कमी होता. ही मंडळी कार्ड छपाईला जाईपर्यंत त्याला नावच देत नव्हती. जेवढे नवे कागद उघडे तेवढ्या सगळ्यांचं नाव 'शीर्षक नाही'. मी पेट्या नावाने वेगळ्या केल्या होत्या आणि इथे सगळेच बिननावाचे होते. ते सगळे पुन्हा एकाच पेटीत गेले. ज्यांना नाव दिलेलं नाही ते सगळे सारखे, असा हिशोब माझ्याही हातून झाला होता. मग नावाचा नाद सोडला. कागद उघडल्या क्षणी त्याला त्याची स्वतःची एक ओळख द्यायची, कोणी नाव देवो न देवो, आणि पेटी त्या ओळखीला बांधायची. नक्कल काढली तर नकलेला नवी ओळख, नवी रिकामी पेटी. मूळ कागदातलं काही तिच्याबरोबर जाणार नाही, आणि तिच्यातलं मागे येणार नाही.

ताईंनी पुन्हा करून पाहिलं. तेरवीचं कार्ड उघडलं, चौकटीत 'कै.' लिहिलं, बदललं. बाबांचं कार्ड समोर आणलं, चौकट उघडली. दोन्ही खाने रिकामे होते. त्यांनी मुद्दाम एन्टर मारला. काही झालं नाही. परत तेरवीच्या कार्डावर गेल्या, तिथे 'कै.' आपल्या जागी होतं.

"बराबर," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याच्यापाशी."

मालक उठून आले आणि वाकून रिकाम्या चौकटीकडे बघू लागले.

"म्हणजे आता हर कार्डाला नव्यानं लिहावं लागंल?"

"एकदा. त्या कार्डापुरतं."

"तकलीफ वाढवली की तुमी. गिऱ्हाईकाला विचारत बसायचं का, तुमच्यात काय लिहितेत म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "विचारायचं."

हे त्यांना पटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर दुखावल्यासारखं दिसत होतं, जणू मी त्यांच्या चांगुलपणावर अविश्वास दाखवला. कार्डं मात्र नव्याने छापायला दिली, कारण मी खुर्चीवरून उठत नव्हते आणि मागे दुसरी गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. पहिला गठ्ठा मी घरी नेला नाही. तिथेच ठेवला, त्यांच्या काउंटरवर, समाजभूषणाच्या बरोबर खाली.

नवा गठ्ठा घेऊन घरी आल्यावर आईने कार्ड वाचलं, बोट ठेवत, जिथे जिथे बाबांचं नाव होतं तिथे तिथे थांबत. मग मामाला म्हणाली, "जा आता." मामा गेला. तिने मला विचारलं, आधी असं काहून झालं होतं. बाबा पाटबंधाऱ्यात होते, सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावायचे, म्हणून मी म्हटलं, "समज, कालवा एक आहे आणि रानांकडे जाणाऱ्या एकाही चारीला दार नाही. मग एकाच्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्या रानात."

"दार न बसवता पाणी सोडलं कोणी?"

"एका तज्ज्ञाने."

"तुझ्या बाबानं त्याला कालव्यात उभं केलं असतं," ती म्हणाली. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मला तेव्हा रडू आलं, ते कोणाला दिसू नये म्हणून मी कप विसळायला उठले.

रविवारी विहारात जागा पुरली नाही. मामाने कनेरगाव नाक्यापर्यंतची एकही वस्ती सोडली नव्हती. बाबांच्या बरोबरीचे कालव्यावरचे लोक आले होते, आणि ज्यांच्याशी बाबांचं पाण्यावरून जन्मभर भांडण होतं तेही आले होते. वंदना झाली, जलदान झालं. त्यानंतर आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्याबद्दल बोलायला माइक लागतो, आणि माइक लागला की असे लोक येतात ज्यांनी त्या माणसाला नीट पाहिलेलंही नसतं.

प्रेसमालक आले होते. पांढरा झब्बा, हातात मोठा हार, दुसऱ्या हातात आमचं कार्ड. कोणीही बोलावलं नव्हतं तरी ते माइकजवळ पोचले. त्यांनी घसा साफ केला, फुंकर मारून माइक चालू आहे याची खात्री केली आणि छाती भरून सुरुवात केली:

"आज आपण सर्व जण इथं जमलो आहोत ते कैलासवासी—"

तो सगळा आठवडा माझ्या डोक्यात वर चढला. मी उठणार होते, आणि उठले असते तर जे बोलले असते ते विहारात बोलण्यासारखं नव्हतं.

"कालकथित म्हणा."

आई बसल्या जागेवरूनच बोलली होती. मोठ्याने नाही. पण मालक श्वास घ्यायला थांबले होते, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

मालक गांगरले. त्यांचे ओठ हलले, बहुधा तोच शब्द पुन्हा येत होता. मग त्यांनी हातातलं कार्ड वर धरलं, हातभर लांब, आणि वाचलं. "कालकथित," ते म्हणाले. मग बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, तेही कार्डावरून. मला खरं सांगायचं तर तेवढंच पुरेसं होतं. त्यांनी तिथे थांबायला हवं होतं.

"ईश्वर त्यांच्या आत्म्यास—" ते पुढे म्हणाले.

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मामा असावा.

"बसा आता, भाऊ," आई म्हणाली. "जेवून जा."